रिकाम्या गाडीचे भाडे कोण भरतो?



पहाटे चारच्या सुमाराला तुर्भ्याच्या भाजीपाला बाजारात गाडी खाली होते. रात्रभर घाट उतरून आलेला कोबी, टोमॅटो, मिरची गाळ्यावर जाते, रिकामे क्रेट पुन्हा गाडीत चढतात आणि गाडीवाला आवाराबाहेर पडतो. गावाकडे तोंड करावे तर गाडी रिकामी. तशीच नेली तर परतीचे डिझेल आणि टोल त्याच्या अंगावर. म्हणून तो सायन-पनवेल रस्त्याला लागतो, जुईनगरच्या आसपास कडेला जागा मिळेल तिथे गाडी लावतो आणि फोन करू लागतो.

"शेठ, आमच्या बाजूचे काही आहे का?"

"बघतो. थांब."

या 'थांब'मध्ये सकाळ जाते. दुपारी पुन्हा फोन, पुन्हा 'थांब'. संध्याकाळी शेठचाच फोन येतो. अमुक ठिकाणी नऊ टन आहे, इतके देतो, जमत असेल तर लगेच लाव, मागे चार गाड्या उभ्या आहेत. मागे खरोखर चार गाड्या आहेत की एकही नाही, हे गाडीवाल्याला कळायला मार्ग नाही. माल कोणाचा, मालवाल्याने एकूण भाडे किती कबूल केले, तेही कळायला मार्ग नाही. गरजवंताला अक्कल नसते असे म्हणतात. अक्कल असते, पण दिवस बुडालेला असतो आणि कर्जाच्या हप्त्याची तारीख जवळ आलेली असते. तो "लावतो" म्हणतो.

मागच्या हंगामात आम्ही जुईनगर, तुर्भे आणि कळंबोली या टापूत अशा गाडीवाल्यांबरोबर काही रात्री काढल्या. बोलायला बसलो की दोन वाक्यांत कळते, हा आपलाच माणूस आहे. कोणी जुन्नरचा, कोणी निफाडचा, कोणी फलटणचा. सातबाऱ्यावर नाव आहे, दोन-तीन एकर जमीन आहे. शेतीत भागेना म्हणून कर्ज काढून गाडी घेतली. एकच गाडी, तिचा मालक तोच आणि बहुधा चालकही तोच. बाप कांदा घेऊन भावाची वाट पाहत बसला, मुलगा गाडी घेऊन भाड्याची वाट पाहत बसला आहे.

आमच्या काही कार्यकर्त्यांना वाटते, गाडीवाल्यांचे गाडीवाले पाहून घेतील, शेतकरी आंदोलनाच्या पत्रकात हा विषय कशाला? हा विषय इथलाच आहे आणि तो शेतकऱ्याच्या पट्टीत लिहिलेला आहे. पट्टी वाचायला शिकलो तेव्हा आंदोलन उभे राहिले. पण पट्टीतली एक ओळ आपण अजून नीट वाचलेली नाही. ती ओळ म्हणजे मोटारभाडे.

पट्टीतली न वाचलेली ओळ

फेब्रुवारी २०२३ मधील सोलापूरची गोष्ट सर्वांना आठवत असेल. बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा बाजारात नेला. भाव मिळाला किलोला एक रुपया. मोटारभाडे, हमाली, तोलाई वगैरे कापून त्याच्या हातात दोन रुपयांचा धनादेश पडला, तोही पुढच्या तारखेचा. भाव का पडला याची चर्चा महाराष्ट्रभर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण जवळजवळ ५१० रुपये कापले गेले, त्यातले मोटारभाडे कसे ठरते आणि ते कमी होऊ शकले असते का, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

आपण हिशेब मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत. ज्याने त्याने आपल्या गाडीचे घालावेत. समजा गावापासून तुर्भे दोनशे किलोमीटर आहे. जाऊन येऊन चारशे किलोमीटर. गाडी लिटरला पाच किलोमीटर जाते असे धरले तर ८० लिटर डिझेल लागेल. नव्वद रुपये दराने ७,२०० रुपये झाले. टोल १,३००, चालक आणि क्लीनरचा भत्ता १,५००, हप्ता, विमा आणि टायरची झीज मिळून दिवसाचे ४,०००. एकूण १४,००० रुपये. नऊ टन माल असेल तर किलोला सुमारे १ रुपया ५५ पैसे.

आता लक्षात घ्या, हे १४,००० रुपये जाण्याचेही आहेत आणि येण्याचेही. परतीच्या मालाची खात्री नसली की शहाणा गाडीवाला दोन्ही बाजूंचा खर्च जातानाच्या भाड्यात धरतो. त्याला दोष देता येणार नाही. म्हणजे तुर्भ्याहून रिकामी गाडी घाट चढते तिचे भाडे कोण भरतो? कोबीवाला भरतो. टोमॅटोवाला भरतो. परतीचे ५,००० रुपये गाडी निघण्याआधीच ठरले असते तर जाण्याचा बोजा ९,००० वर आला असता, किलोला एक रुपया. पन्नास किलोच्या गोणीमागे सत्तावीस-अठ्ठावीस रुपयांचा फरक. ज्या दिवशी भाव पडतो त्या दिवशी पट्टी उणे की अधिक, हे एवढ्याच फरकावर ठरते.

आणि ज्या दिवशी गाडीवाल्याला दोन्ही बाजूंचा खर्च मागता येत नाही, कारण गावात गाड्या जास्त आणि माल कमी असतो, त्या दिवशी रिकामी फेरी तो स्वतःच्या पोटातून भरतो. एका घरात दोघे असले तर कधी बाप भरतो, कधी मुलगा. घर तेच.

यादीत राहून गेलेला नाशवंत माल

कृषी महाविद्यालयात आम्ही नाशवंत मालाची यादी पाठ केली होती. पालेभाजी एक दिवस, टोमॅटो काही दिवस, कांदा चाळीत काही महिने. त्या यादीत एक माल राहून गेला. तो म्हणजे उभ्या गाडीचा दिवस. आजचा दिवस उद्या विकता येत नाही, त्याला शीतगृह नाही, चाळ नाही. मेथीच्या जुडीपेक्षाही तो लवकर सडतो.

नाशवंत माल, विकणारे अनेक, घेणारे मोजके आणि भावाची माहिती एकाच्याच हातात: हे चित्र आपल्याला नवे आहे का? बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची रीत आपण वर्षानुवर्षे पाहिली. आडत्या आणि खरेदीदार यांची बोटे बोलत, माल ज्याचा तो शेजारी उभा राहून रुमालाकडे बघत असे. उघडा लिलाव हवा म्हणून आपण भांडलो. गाडीवाल्याच्या भाड्यावर तोच रुमाल टाकलेला आहे. समजा मालवाल्याने ८,००० रुपये दिले आणि गाडीवाल्याला ५,००० मिळाले. मधले ३,००० जास्त की कमी हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न असा की ८,००० हा आकडा गाडीवाल्याच्या कानावर कधी पडतच नाही.

दलाल फुकट खात नाही

इथे आपल्या बाजूचे काही जण उत्साहाने म्हणतील, दलाल नावाची जातच मोडून काढा. सावकाश घ्या. जो शेतकरी आडत्याला शिव्या देतो तोच मुलीच्या लग्नात त्याच्याकडून उचल घेतो, हे आपण विसरता कामा नये. दलाल काही कामे करतो आणि ती कोणीतरी करावीच लागतात.

पहिले काम माहितीचे. कोणाचा माल कुठे जायचा आहे हे त्याला ठाऊक असते. दुसरे काम हमीचे. कारखानदार किंवा व्यापारी लाखो रुपयांचा माल अनोळखी गाडीत कसा टाकेल? गाडी वाटेत गायब झाली, माल भिजला, कमी भरला तर धरायचे कोणाला? दलालाचे दुकान जागेवर असते, त्याला धरता येते. तिसरे काम रोकडीचे. मालवाला भाडे महिन्याने किंवा दोन महिन्यांनी देतो. गाडीवाल्याला डिझेल आज भरायचे असते. दलाल काही रक्कम आगाऊ देतो, बाकी पोच आल्यावर. चौथे काम कागदाचे. कारखान्याला बिल्टी हवी, बिल हवे, विमा हवा. एका गाडीचा मालक हे सगळे कुठून आणणार?

माहिती, हमी, रोकड, कागद. या चार खुंट्यांवर दलालीचा तंबू उभा आहे. घोषणा देऊन तंबू पडत नाही. चार खुंट्या एकेक करून आपल्या हाताने उपटाव्या लागतील, म्हणजे ती चार कामे आपल्याला करावी लागतील. जो हे टाळून नुसता 'दलाल हटाव' म्हणतो, तो एका दलालाच्या जागी दुसरा बसवण्याची तयारी करतो आहे.

पण या चार कामांची वाजवी मजुरी वेगळी आणि अज्ञानावर घेतलेला हप्ता वेगळा. पोच देऊनही महिनोन् महिने बाकी भाडे न देणे, ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरायला लावणे, वाराई कोणी द्यायची हे आधी न सांगणे, ही मजुरी नव्हे. वाराईचा प्रश्न तर राज्यभरच्या गाडीवाल्यांचा आहे. माल उतरवण्याचे पैसे मालवाल्याने द्यायचे, तर ते गाडीवाल्याच्या भाड्यातून वसूल होतात. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा त्यातून आली. तिचा रोख माथाडी भावांवर नाही. १९६९ चा माथाडी कायदा त्यांनी अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढून मिळवला; त्यांची मजुरी त्यांना मिळालीच पाहिजे. ती कोणाच्या खिशातून जावी, एवढाच वाद आहे. आणि तो वाद माल भरण्याआधी मिटवणे हे भाडे ठरवणाऱ्याचे काम होते.

कायदा आहे, विचारतो कोण?

कोणी म्हणेल, सरकारने कायदा करावा. कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९३ व्या कलमाप्रमाणे गाड्यांतून जाणारा माल गोळा करणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्या एजंटाने परवाना घेतला पाहिजे. २००७ साली संसदेने रस्त्यावरील मालवाहतुकीचा वेगळा कायदा केला. तो २०११ पासून लागू झाला आणि १८६५ चा इंग्रजी अमदानीतला कायदा गेला. या नव्या कायद्यात मालवाहकाच्या व्याख्येत दलालाचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्याने नोंदणी करायची, मालाची पावती द्यायची आणि गाडीच्या नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरायचे नाही.

आम्ही ज्या गाडीवाल्यांशी बोललो त्यांना विचारले, तुमच्याकडे भाडे लावणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आहे का? एकालाही ठाऊक नव्हता. असा क्रमांक मागता येतो हेही ठाऊक नव्हते. पण जादा भाराचा दंड मात्र सगळ्यांना तोंडपाठ होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये झाला. जास्त माल भरा असे फोनवर सांगणारा सांगून मोकळा होतो. चलान मात्र गाडी ज्याच्या नावावर त्याच्याच नावावर फाटते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

तेव्हा आणखी एक कायदा मागून काही होणार नाही. परवान्यांनी शेतकऱ्याचे भले झाल्याचे आम्ही पाहिलेले नाही. बाजार समितीचा कायदा १९६३ साली शेतकऱ्याच्या रक्षणासाठी आला आणि त्याच कायद्याच्या भिंतीआड आडत्यांची मिरास उभी राहिली. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला नियमनातून मोकळा केला, आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. दार उघडले हे चांगलेच झाले. पण उघड्या दारातून जायला माल गोळा केलेला हवा, गाडी ठरलेली हवी, पलीकडे गिऱ्हाईक हवे. ज्यांनी ही तयारी केली ते दारातून गेले. ज्यांनी केली नाही ते आजही जुन्याच गाळ्यावर उभे आहेत.

आगीतून फुफाट्यात नेणारे दोन रस्ते

दलालाशिवाय भाडे मिळवण्याचे दोन रस्ते देशात पुष्कळांनी चोखाळले आहेत. दोन्हींकडे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

पहिला रस्ता युनियनचा. उत्तरेत कित्येक ठिकाणी गाडीमालकांनी युनियन करून 'नंबर' पद्धत लावली. माल युनियनकडे येतो, ज्याचा नंबर त्याची गाडी, दर सगळ्यांना सारखा. एका गाडीच्या मालकाला यात मोठा आधार मिळाला हे खरे आहे. पण पुढे काय झाले? ज्याची गाडी युनियनमध्ये नाही त्याला माल उचलता येईना. मालवाल्याला आपल्या पसंतीची गाडी लावता येईना. पंजाब सरकारला २०१७ साली नियम करून ही मक्तेदारी मोडावी लागली. हिमाचल प्रदेशात बरमाणा आणि दाडलाघाट येथील सिमेंट कारखाने भाड्याच्या दराच्या वादात डिसेंबर २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत, दोन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिले आणि हजारो गाड्या जागेवर उभ्या राहिल्या. तिथल्या गाडीवाल्यांची बाजू खरी असेल. तरीही ज्या संघटनेची ताकद दुसऱ्याची गाडी अडवण्यात आहे तिचा मार्ग आपला नव्हे. कांद्यावर जिल्हाबंदी, राज्यबंदी, निर्यातबंदी नको म्हणणाऱ्यांनी गाडीबंदीचे समर्थन कोणत्या तोंडाने करावे?

दुसरा रस्ता मोबाईलचा. २०१५ नंतर गाडी आणि माल यांची गाठ घालून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. मोबाईलवर माल दिसतो, दर दिसतो, बटण दाबले की भाडे पक्के. आम्ही यंत्राचे शत्रू नाही. रुमाल थोडा तरी उचलला गेला, हे त्यांचे श्रेय आहे. पण यंत्राचा मालक कोण, हे विचारले पाहिजे. सुरुवातीला सगळे फुकट असते. सवय लागली की दर, कापात आणि नियम कंपनी ठरवते, आणि तक्रार करायला समोर माणूस नसतो. दलालाच्या दुकानात निदान खुर्ची ओढून भांडता येत होते. शिवाय गावोगावच्या किराणा दुकानदाराचा तीन टनांचा माल त्या पडद्यावर येतो कुठे? मोबाईल वापरावा, भाव कळण्यासाठी वापरावा. आपली मान त्याच्या हातात देऊ नये.

एकाच आवारातली दोन गेटे

मग रस्ता कोणता? तो आम्हाला जुईनगर आणि तुर्भ्याच्या मधेच सापडला.

मुंबईचा घाऊक बाजार खाडीच्या अलीकडे हलवण्याचे काम कांदा-बटाट्यापासून सुरू झाले, ते १९८० च्या दशकाच्या आरंभी. पुढे १९९६ मध्ये भाजीपालाही आला. आज कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे पाच बाजार त्या एका टापूत आहेत. आता पहाटे तिथे उभे राहून पाहा. भाजीपाल्याच्या गेटातून आपल्या तालुक्याची गाडी माल टाकून रिकामी बाहेर पडते. आणि हाकेच्या अंतरावर मसाला आणि धान्य बाजाराच्या गेटात आपल्याच तालुक्याच्या दुकानदाराचा किराणा दुसऱ्याच्या गाडीत भरला जात असतो. जिरे, डाळी, साखर, तेलाचे डबे. दोन्ही गाड्या एकाच घाटाने, एकाच गावाला जातात. एक रिकामी आणि एक भरलेली. आणि दोन्हींचे भाडे शेवटी आपणच भरतो, एकदा कोबीच्या पट्टीत, एकदा किराण्याच्या बिलात.

खतांचेही तसेच. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना आहे, सुफला १५:१५:१५ बनवणारा. कळंबोलीच्या पुढे तळोजे औद्योगिक वसाहतीत दीपक फर्टिलायझर्सचा कारखाना आहे. ही खते आपल्याच जमिनीत जातात. मोठा माल रेल्वेने आणि ठेक्याने जाणार, तो एका गाडीवाल्याच्या हाती येणार नाही, हे आम्हाला कळते. पण तालुक्याच्या कृषी केंद्राचा नऊ-दहा टनांचा माल आपल्या गाडीने येऊ शकतो. कारखान्याला किंवा विक्रेत्याला कागद आणि हमी हवी. ती देणारी संस्था आपली असली म्हणजे झाले.

इथे कृषी पदवीधर म्हणून एक इशारा दिलाच पाहिजे. ज्या गाडीत उद्या भाजी भरायची तिच्यात आज कीटकनाशक भरू नये, भाडे कितीही चांगले असले तरी. खत आणलेली गाडी झाडून, धुऊन, वाळवून मगच भाजीला लावावी. युरिया हवेतली ओल ओढतो, त्याला ताडपत्री वरून आणि खालूनही लागते. किराणा आणि खत एका गाडीत नको. मालवाल्याचा विश्वास अशा लहान गोष्टींनी कमावला जातो आणि अशाच लहान गोष्टींनी जातो.

आम्ही करून पाहिले ते

बोलणे सोपे असते, म्हणून करूनही पाहिले. आमच्या भागातील अकरा गाडीवाले एकत्र आले. एक वही घातली. वही एका गाडीवाल्याच्या घरच्या बाईंनी सांभाळली. हिशेब त्यांचा पक्का आणि आवाज खणखणीत. रोज दुपारी त्या तालुक्याच्या गावातील दुकानदारांना, कृषी केंद्रांना, पशुखाद्य विकणाऱ्यांना फोन करत. परवा सकाळी तुर्भ्याहून काही यायचे आहे का, किती, कोणत्या गाळ्यावरून? रात्री भाजी भरून गाडी निघे तेव्हा परतीच्या मालाची चिठ्ठी गाडीवाल्याच्या खिशात असे.

सगळे सुरळीत झाले असे आम्ही सांगणार नाही. एका दुकानदाराने बाकी भाडे दोन महिने लटकवले. एका गाडीवाल्याने ठरलेल्या दरापेक्षा कमी दराने गुपचूप माल उचलला आणि बैठकीत मोठे भांडण झाले. आमच्याकडे माल नसेल त्या दिवशी काही दलालांनी या अकरांना भाडे देणे बंद केले. दोन गाडीवाले हप्त्याच्या धास्तीने परत फिरले, आणखी दोन रुसले. हंगाम संपला तेव्हा सात उरले.

पण हे सात रिकामे येण्याचे जवळजवळ बंद झाले. आणि त्यांनी भाजीच्या भाड्यात शेतकऱ्याला सूट दिली. ही सूट हा आमच्या कामाचा गाभा आहे. परतीच्या भाड्याची सगळी बचत गाडीवाल्याने ठेवली असती तर शेतकऱ्याने या वहीकडे पाहिलेही नसते. निम्मी बचत पट्टीत दिसली, म्हणून शेतकरी माल भरताना या सातांच्या गाड्या मागू लागले. दलालाकडे हे सातजण आजही कधीकधी जातात. फरक एवढाच की आता शेठने 'थांब' म्हटले की ते म्हणतात, "नको शेठ, आम्ही निघालो."

बैठकीत काय ठरवायचे

जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील गोष्टी ठेवत आहोत. यावर भांडा, दुरुस्त्या सुचवा, पण ठरवा.

एक. कागद नाही तर माल नाही. चिठ्ठीवर सात गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: माल कोणाचा, वजन किती, कुठे पोचवायचा, एकूण भाडे किती, आगाऊ किती आणि बाकी कोणत्या तारखेला, भराई-उतराई-वाराई कोण देणार, गाडी अडकून राहिली तर दिवसाचे किती. भाडे लावणाऱ्याचा नोंदणी क्रमांक त्याच चिठ्ठीवर मागावा. मागायला लाजू नये.

दोन. प्रत्येक तालुक्यात वही. त्यात तालुक्यातील गाड्या आणि तालुक्यात येणारा माल समोरासमोर लिहावा. वही ठेवणारा गाडीमालक नसावा आणि त्याला वहीच्या कामाची ठरलेली मजुरी मिळावी. फुकटचे काम पहिल्या पावसात वाहून जाते.

तीन. हमी आणि कागद यांसाठी शेतकरी उत्पादक कंपनीचा उपयोग करावा. २००३ पासून कायद्यात तशा कंपनीची सोय आहे आणि आपल्या जिल्ह्यांत अशा कंपन्या पुष्कळ निघाल्या आहेत. काही नुसत्या पाटीपुरत्या उरल्या आहेत. गाडीवाला शेतकरी असेल तर तो सभासद होऊ शकतो. कंपनीने मालवाहक म्हणून नोंदणी करावी, बिल्टी आपल्या नावाची काढावी, मालाचा विमा उतरवावा आणि आगाऊ रकमेसाठी लहानसा निधी ठेवावा. निधी संपेल इतकी उधारी कोणालाही देऊ नये, पुढाऱ्याच्या भावाला तर मुळीच नाही.

चार. बचतीचा निम्मा वाटा शेतकऱ्याच्या पट्टीत दिसला पाहिजे, आकड्यात.

पाच. बाजार समितीकडे आमची मागणी साधी आहे. आवारात एक मोठा फळा लावा. कोणत्या तालुक्याची गाडी परत जाते आहे, किती टन जागा आहे, आणि मसाला-धान्य बाजारातून कोणत्या तालुक्याला माल जायचा आहे, हे त्यावर कोणीही लिहावे, कोणीही वाचावे. आणि माल उतरवून थांबणाऱ्या गाडीवाल्याला उभे राहायला जागा, संडास आणि पाणी द्या. शेतमालावर बाजार फी घेणाऱ्यांनी तो माल आणणाऱ्या माणसाला रस्त्याच्या कडेला झोपवू नये.

सहा. कोणत्याही दलालाची गाडी अडवायची नाही, दुकान बंद पाडायचे नाही, शिवीगाळ करायची नाही. त्याने उघड्यावर दर सांगावा, आपणही सांगू. ज्याचे काम चांगले त्याला माल मिळेल. आपली वही ढिसाळ असेल तर तिला माल मिळू नये, हेही आपण मान्य केले पाहिजे.

यांतली एकही गोष्ट सरकारच्या तिजोरीतून यायची नाही. अनुदान मागितलेले नाही, कर्जमाफी मागितलेली नाही. आपलीच गाडी, आपलाच माल, आपलाच घाट. मधला रुमाल तेवढा उचलायचा आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने दोन कागद बरोबर आणावेत. शेतकऱ्याने गेल्या हंगामाची एक पट्टी आणि गाडीवाल्याने त्याच दिवसाच्या आसपासची एक बिल्टी. ज्या घरात दोन्ही असतील त्यांनी दोन्ही आणावीत. शेजारी शेजारी ठेवू आणि मोठ्याने वाचू. त्यानंतर वही घालायची की नाही, हे बैठकच ठरवील.